एकाच घरातल्या दोघांना हेपटायटिस, एकाचा गेला आणि दुसऱ्याचा मुक्कामाला राहिला, तो का? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यकृताच्या विषाणूंवर शिकवताना, बोलताना किंवा लिहिताना हे प्रश्न इतक्या वेळा समोर आले की उत्तरं एकदाची एका जागी ठेवावीत असं वाटलं. नेहमीच्या बोलण्यात यातल्या प्रत्येक आजाराला आपण 'कावीळ' म्हणतो. खरं तर कावीळ हे लक्षण आहे. ते घडवणारे ए, बी, सी, ई हे विषाणू एकमेकांचे नातेवाईकही नाहीत. नावं तेवढी सख्ख्या भावंडांसारखी पडली. त्यामुळे उत्तरं वाचताना कुठल्या अक्षराबद्दल बोलणं चाललंय तिकडे लक्ष असू द्या.

आम्हा दोघा भावांना हेपटायटिस बी झाला होता. धाकट्याचा रिपोर्ट सहा महिन्यांत निगेटिव्ह आला, माझा वीस वर्षं पॉझिटिव्हच आहे. आईबाप तेच, मग रक्तात एवढा फरक कसा?

जनुकांकडे वळण्याआधी एक प्रश्न मीच विचारतो. लागण झाली तेव्हा तुम्ही दोघे किती वर्षांचे होता?

बीच्या बाबतीत वय सगळ्यांवर भारी पडतं. जन्माच्या वेळी आईकडून विषाणू मिळाला तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा राहतो. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण तिशीच्या आसपास येतं. धडधाकट मोठ्या माणसात ते शंभरात पाचांहूनही कमी असतं. याचा पुरावा एका मोठ्या चुकीतून मिळाला. १९४२ मध्ये अमेरिकन सैनिकांना टोचलेल्या पिवळ्या तापाच्या लसीत मानवी रक्तद्रव वापरलेला होता आणि त्यात हेपटायटिस बी होता. तीन लाखांवर सैनिकांना लागण झाली, सुमारे पन्नास हजारांना कावीळ झाली. चाळीसेक वर्षांनी त्यांच्यातल्या काहींचं रक्त तपासलं, तर विषाणू अजून बाळगणारे शोधून काढावे लागले, इतके ते कमी होते.

तेव्हा थोरल्याला दुसऱ्या वर्षी आणि धाकट्याला कॉलेजात असताना लागण झाली असेल, तर फरकाचं मुख्य कारण तिथेच सापडलं. वय सारखंच असेल तर मात्र तुमचा प्रश्न खरोखर जनुकांचा आहे. सख्ख्या भावंडांची रोगप्रतिकारक जनुकं तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक असते. मूत्रपिंडासाठी दाता शोधणाऱ्या घरांना हा हिशोब तोंडपाठ असतो.

म्हणजे प्रत्यारोपणाच्या वेळी जुळवतात तेच एचएलए का?

तेच. मात्र ही जनुकं शरीरात सर्जनच्या सोयीसाठी बसलेली नाहीत. त्यांचं रोजचं काम वेगळंच आहे.

अशी चाळ डोळ्यांपुढे आणा जिथे प्रत्येक बिऱ्हाडाने आज घरात काय शिजतंय त्याचा घास वाटीत घालून उंबऱ्यावर ठेवायचा. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी हेच करते. आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे ती एचएलए नावाच्या वाटीत घालून पृष्ठभागावर मांडते. टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेचे गस्तवाले, दारोदार फिरून वाट्या बघत जातात. ओळखीचा तुकडा दिसला तर पुढचं दार. परका, म्हणजे विषाणूचा, दिसला की ते घर पाडायची तयारी सुरू होते.

या वाट्यांचे आकार माणसागणिक वेगळे असतात. सहाव्या गुणसूत्रावर या जनुकांची हजारो रूपं नोंदली गेली आहेत आणि माणसाच्या सगळ्या जनुकांत एवढं वैविध्य दुसरीकडे सापडत नाही. एखाद्या वाटीत विषाणूचा नेमका असा तुकडा बसतो की तो बदलणं विषाणूला परवडत नाही. दुसऱ्या वाटीतून तोच तुकडा घसरून पडतो. तुमच्या भावाच्या वाट्या या विषाणूसाठी सोयीच्या निघाल्या असतील.

बीबद्दलचा पहिला ठळक पुरावा १९९५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियातून आला. एचएलएचं डीआरबी१*१३०२ हे रूप असलेली मुलं विषाणू जास्त वेळा हुसकावून लावत होती. २००९ मध्ये जपानी रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाची चाळणी झाली तेव्हा एचएलए-डीपीच्या शेजारी दोन खुणा सापडल्या आणि आशियातल्या इतर लोकसमूहांतही त्या पुन्हा दिसल्या.

मग 'खराब' एचएलए म्हणजे कमजोर प्रतिकारशक्ती असं समजायचं?

अजिबात नाही. विषाणूचं नाव घेतल्याशिवाय कुठल्याही रूपाला चांगलं-वाईट म्हणता येत नाही. गाम्बियातलं ते डीआरबी१*१३०२ तिथे जीवघेण्या मलेरियापासूनही राखतं असं दिसलंय. कदाचित म्हणूनच ते तिथे इतकं टिकून राहिलं आणि बीवर चालून जाणं हा बोनस मिळाला. एका साथीत उपयोगी पडणारी वाटी दुसऱ्या साथीत कुचकामी ठरते. समाजात सगळ्यांच्या वाट्या एकसारख्या असत्या तर एखाद्या विषाणूने अख्खं गाव साफ केलं असतं. 'इम्युनिटी वाढवा' असं लिहिलेल्या पुड्या विकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, कारण नक्की काय वाढवायचं हेच त्यात ठरत नाही.

विषाणू किती, लागण कधी, वय काय, सगळंच माणसागणिक वेगळं. त्यातून जनुकाचा वाटा वेगळा कसा काढतात?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण त्याचं उत्तर आयर्लंडमधल्या एका दुर्दैवी घटनेत आहे.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असला की बाळंतपणानंतर अँटी-डी इंजेक्शन देतात. आपल्याकडेही देतात. १९७७-७८ मध्ये आयर्लंडमध्ये या इंजेक्शनच्या काही बॅचेस एका संसर्गित दात्याच्या रक्तद्रवापासून तयार झाल्या. त्यात हेपटायटिस सी होता. त्या विषाणूला तेव्हा नावही नव्हतं, ते १९८९ मध्ये मिळालं. प्रकार उघडकीला यायला १९९४ उजाडलं. मग बासष्ट हजारांहून जास्त बायकांची तपासणी झाली. ७०४ जणींच्या रक्तात लागणीची खूण मिळाली आणि त्यांतल्या ३९० जणींत विषाणू अजूनही होता.

म्हणजे उरलेल्या तीनशेवर बायकांनी तो कसल्याही औषधाशिवाय घालवला होता. आता नीट बघा. सगळ्या बायका, सगळ्या तरुण, सगळ्या नुकत्या बाळंतीण झालेल्या, विषाणू एकाच उगमाचा, लागणीचा काळही माहीत. प्रयोगशाळेत मुद्दाम करू म्हटलं तरी करता येणार नाही अशी तुलना होती ही. त्यांची जनुकं तपासल्यावर विषाणू घालवणाऱ्यांमध्ये एचएलए-बी२७ आणि ए३ जास्त निघाले. तो अजून बाळगणाऱ्यांमध्ये बी८ जास्त होतं. या बायकांनी कुणाला परवानगी देऊन हे सगळं सोसलेलं नव्हतं, हे मात्र तो शोधनिबंध वाचताना डोक्यातून जात नाही.

बी२७? माझ्या पाठदुखीच्या रिपोर्टवर तर 'एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह' लिहिलंय आणि डॉक्टर त्याला वाईट म्हणाले होते.

हो, तेच. पाठीचा कणा आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तेच रूप सीच्या विषाणूला जड जातं. बी२७च्या वाटीत सीच्या एका अत्यावश्यक प्रथिनाचा तुकडा बसतो. तो तुकडा बदलून निसटायचं म्हटलं तर विषाणूची स्वतःची वाढ मंदावते, मग निसटण्यासाठी त्याला एकाच वेळी अनेक बदल करावे लागतात.

पण लगेच खूश होऊ नका. हा फायदा सीच्या जीनोटाइप १ या उपप्रकारापुरताच आहे, कारण बाकीच्या प्रकारांत तो तुकडा तसा नसतो. भारतात सर्वाधिक आढळतो जीनोटाइप ३. म्हणजे आयरिश बाईला तारणारं रूप नांदेडच्या माणसाला तसं तारेलच असं नाही. परदेशातल्या संशोधनाची बातमी वाचून इथे निष्कर्ष काढण्यात नेहमी हीच मेख असते.

२०१२ मध्ये काकांच्या हेपटायटिस सीच्या उपचाराआधी 'आयएल २८ बी' नावाची महागडी जनुकचाचणी सांगितली होती. आता माझ्या मित्राला कुणीच ती सांगत नाही. तेव्हा काकांना फसवलं का?

नाही, फसवलं नाही. ती चाचणी तेव्हा खरी होती आणि आता निरुपयोगी आहे, दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. जरा सविस्तर सांगतो, कारण या सगळ्या विषयाचं मर्म या एका गोष्टीत आलंय.

तेव्हा सीवरचा उपचार म्हणजे दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. जीनोटाइप १ असेल तर अठ्ठेचाळीस आठवडे. इंजेक्शनच्या रात्री थंडी वाजून ताप, महिन्याभरात केस गळायला सुरुवात, रक्त कमी, आणि काहींना इतकी उदासी की उपचार अर्धवट सोडावा लागे. एवढं सोसून जीनोटाइप १चे निम्मेच बरे होत. कोण बरा होणार हे आधी कळलं तर हवंच होतं.

२००९ मध्ये हजाराहून जास्त रुग्णांच्या जनुकसंचाची चाळणी झाली आणि एकोणिसाव्या गुणसूत्रावर एक जागा सापडली, तीच काकांच्या चाचणीतली आयएल २८ बी. तिथे आई आणि वडील दोन्हीकडून डीएनएचं 'सी' अक्षर (विषाणू सी नव्हे) मिळालेले लोक दोन्हीकडून 'टी' मिळालेल्यांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात बरे होत. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासात दिसलं की औषधाशिवाय विषाणू आपोआप घालवण्यातही हेच अक्षर पुढे आहे. पूर्व आशियात हे अनुकूल रूप जवळजवळ सगळ्यांकडे असतं, युरोपात बऱ्याच जणांकडे आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत सर्वांत कमी. कृष्णवर्णीय अमेरिकनांना इंटरफेरॉन कमी का लागू पडतं यावर वर्षानुवर्षं तर्क चालले होते. 'ते गोळ्या नीट घेत नसतील' असंही म्हटलं गेलं होतं. त्या फरकातला अर्धा वाटा या एका जागेने समजावला.

खरी गंमत २०१३ मध्ये कळली. ती जागा फक्त पाटी होती, घर शेजारी होतं. तिथे इंटरफेरॉन लॅम्डा ४ नावाचं, तोवर कुणालाच माहीत नसलेलं जनुक होतं. काहींमध्ये ते चालू असतं, काहींमध्ये अक्षरांच्या एका बदलामुळे बंद पडलेलं. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूविरोधी अस्त्र, तेव्हा ज्यांच्यात ते चालू आहे ते लवकर बरे होतील असंच कुणालाही वाटेल. झालं उलटं. ज्यांच्यात ते मोडकं आहे तेच विषाणूला चांगलं हुसकावतात. चालू असलेल्यांच्या यकृतात गजर सतत वाजत राहतो आणि मग खऱ्या हाकेला पेशी उठतच नाहीत, असं आजचं स्पष्टीकरण आहे. जनुक मोडलं म्हणजे वाईट झालं, हा आपला समज किती कच्चा आहे ते यावरून दिसतं.

मग २०१३च्या अखेरीस सोफोसबुव्हिर आलं आणि पुढच्या दोन वर्षांत भारतीय कंपन्यांनी ते स्वस्तात बनवलं. थेट विषाणूच्या यंत्रणेवर घाव घालणाऱ्या या गोळ्या बहुतेकांना बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. तुमचं एकोणिसावं गुणसूत्र काय म्हणतं याची त्यांना फिकीर नाही. जेमतेम पाच वर्षांत ती चाचणी संदर्भपुस्तकात जाऊन बसली. काकांचं नशीब एवढंच की ते त्या पाच वर्षांत आजारी पडले.

लागण कशातून झाली याने जनुकाचा परिणाम बदलतो का?

बदलू शकतो. नॅचरल किलर पेशींवर, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या शिपायांवर, एक ब्रेक असतो. काहींचा ब्रेक जन्मतःच सैल असतो (केआयआर२डीएल३ आणि एचएलए-सी१ अशी दुहेरी जोडी), म्हणजे या पेशी चटकन अंगावर धावून जातात. २००४च्या एका अभ्यासात असे लोक सी जास्त वेळा घालवत होते, पण फक्त सुईतून थोडा विषाणू गेला असेल तर. अख्खी रक्ताची पिशवी चढून लागण झालेल्यांत हा फायदा दिसला नाही. पाऊस रिमझिम असेल तोवरच छत्री.

आमच्या ओळखीतली एक धडधाकट मुलगी साध्या हेपटायटिस एने चार दिवसांत गेली. ए तर आपोआप बरा होतो म्हणतात ना?

जवळजवळ सगळ्यांचा होतो. लहान मुलांत बहुतेकदा डोळेही पिवळे होत नाहीत, आईला वाटतं पोट बिघडलंय. यकृत एकाएकी निकामी होणं शंभरात एकाहूनही कमी वेळा घडतं आणि वय वाढतं तशी ती शक्यता वाढते.

अशा एखाद्या मुलीला काय झालं असेल याचा एक धागा २०१९ मध्ये हाती लागला. एमुळे दगावलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलीत आयएल१८बीपी नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती मोडलेल्या निघाल्या. आयएल-१८ हा दाहाचा संदेश आहे आणि हे जनुक त्याला आवर घालतं. आवरच नसल्यामुळे एला मारायला निघालेल्या पेशींनी तिचं स्वतःचंच यकृत जाळलं. हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी फारशा मारत नाही. नासधूस होते ती आपल्या शिपायांकडून, आणि बीतही तसंच घडतं. त्यामुळे 'प्रतिकारशक्ती जितकी जोरदार तितकं चांगलं' हे वाक्य यकृताच्या बाबतीत तरी डोक्यातून काढून टाका.

माझं लग्न मामाच्या मुलीशी झालंय. मुलांना असं काही होईल का?

मोडकी प्रत दोन्हीकडून आली तरच असा आजार होतो. आजी-आजोबा एक असले की दोघांकडे तीच मोडकी प्रत असण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण वरच्यासारखे दोष इतके विरळ आहेत की त्यावरून झोप घालवू नका. घरात एखादं मूल नेहमीच्या संसर्गाने अनपेक्षितपणे गेलं असेल तर मात्र जनुकीय सल्लागाराला जरूर भेटा. बाकीच्यांनी मुलांना एची लस द्यावी. ती उपलब्ध आहे आणि या जनुकाच्या चाचणीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

गरोदर बाईला ई इतका का बाधतो? तेही जनुकांमुळेच?

शेवटच्या तिमाहीत ई झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली, तेव्हाही गरोदर बायकांचे मृत्यू डोळ्यांत भरले होते. तो ए नव्हता हे पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळलं आणि त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले संशोधक होते. इचलकरंजीकरांना २०१२ची साथ आठवत असेल. तीही ईचीच.

कारणाबद्दल सांगायचं तर गरोदरपणात पोटातल्या बाळाला परकं समजू नये म्हणून प्रतिकारयंत्रणा आपला पवित्रा बदलते, संप्रेरकांची पातळी चढलेली असते, आणि ई त्याचाच फायदा घेतो असं दिसतं. सगळा दोष जनुकांवर टाकायला मी तयार नाही. इजिप्तमध्ये ईचा संसर्ग गावोगाव आहे, तरी तिथल्या गरोदर बायका अशा मरत नाहीत. विषाणूचा प्रकार आणि लहानपणीच झालेली ओळख यांचा त्यात हात असावा. आपल्याकडे घरात गरोदर बाई असेल आणि गावात काविळीची कुणकुण लागली तर पाणी उकळून प्यायला द्या, एवढं आज करता येतं.

मी नर्स आहे. बीचे तीनही डोस घेतले, तरी टायटर (रक्तातल्या संरक्षक प्रतिपिंडांची पातळी) दहाच्या खाली. माझ्यात काही दोष आहे का?

दोष नाही. निरोगी मोठ्या माणसांत शंभरातले पाच ते दहा जण असे निघतात. एचएलए डीआर३ किंवा डीआर७ असलेल्यांत हे जास्त दिसतं. लशीतला तुकडा त्यांच्या वाटीत नीट बसत नाही, एवढंच. चाळिशी उलटलेली असणं, वजन आणि सिगारेट यांनीही टायटर खाली येतो. आणखी एक कारण आहे. इंजेक्शन दंडात न देता कुल्ल्यात दिलं असेल तर चरबीतच अडकतं.

आधी हे बघा की टायटर शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत तपासला होता का. दहा वर्षांनी तपासून कमी आला तर त्याचा अर्थ वेगळा होतो, कारण आठवण ठेवणाऱ्या पेशी असतातच. वेळेवर तपासूनही कमी असेल तर तीन डोसचा दुसरा संच घ्या, बऱ्याच जणांत तेव्हा जमतं. तरीही टायटर वर आला नाही तर एचबीएसएजी (रक्तातली बीच्या विषाणूची खूण) तपासून घ्या. अंगात विषाणू आधीच असेल तर लस लागू पडत नाही. तोही निगेटिव्ह असेल तर तुमच्या फाइलवर 'नॉन-रिस्पॉन्डर' अशी ठळक नोंद करून ठेवा. सुई टोचल्यास तुम्हाला शक्य तितक्या लवकर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल आणि त्या वेळी शोधाशोध नको.

आमच्या गावात काविळीची माळ घालतात आणि खरंच गुण येतो. तेही जनुकांमुळे का?

ए आणि ईच्या काविळी दोन-चार आठवड्यांत आपोआप उतरतात. तेवढ्याच दिवसांत माळही लांब होत जाते. श्रेय माळेला जातं. बी आणि सीवर माळेची मात्रा चालत नाही, पण डोळ्यांतला पिवळेपणा गेला की माणूस निश्चिंत होतो आणि विषाणू आत पंधरा-वीस वर्षं काम करत राहतो. माळ घालायचीच असेल तर घाला, पण त्या दिवशी रक्तही तपासायला द्या. आणि रसवंतीवरचा बर्फ घातलेला उसाचा रस काविळीच्या माणसाला देऊ नका. बऱ्याचदा ती कावीळ अशाच ग्लासातून आलेली असते.

मग घरबसल्या मिळणारी जनुकचाचणी करून घेऊ का?

हेपटायटिससाठी नको. थुंकीच्या नळीतून एचएलए किंवा लॅम्डा ४ कळलं तरी तुमचा डॉक्टर त्यावरून काहीही वेगळं करणार नाही. त्या पैशांत घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही (सीच्या लागणीची खूण) तपासणी होऊन वर पैसे उरतील. २००१ पूर्वी रक्त चढवलं असेल, डायलिसिस चालू असेल, घरात कुणी पॉझिटिव्ह असेल किंवा गावात एकाच सुईने सगळ्यांना इंजेक्शन देणारा दवाखाना होता हे आठवत असेल, तर ही तपासणी आधी. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारा.

होणाऱ्या नवऱ्याला बी आहे. लग्न करू की नको?

लग्नाचं तुम्ही ठरवा. लशीचं मी सांगतो: आजच पहिला डोस घ्या, तिसऱ्यानंतर महिन्याभराने टायटर बघा, तोवर कंडोम वापरा. दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर वेगळे ठेवा. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, बी जेवणातून पसरत नाही. आणि पुढे बाळ झालं की त्याला पहिल्या चोवीस तासांत बीचा डोस मिळतोय ना, हे सुईणीला नाही तर डॉक्टरलाच विचारा.